पावसाची जागा

आमच्या गावात सगळ्यात नावाजलेल्या सुताराच्या घराचं दार सगळ्यात वाईट होतं. आज मी हे हसत लिहितोय, पण मामूंच्या समोर कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनी हातातला रंधा फेकून मारला असता. मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. रत्नागिरीच्या बाजूला खाडीकाठच्या आमच्या गावात त्यांच्या हातचं काम मिळावं म्हणून लोक वर्षभर थांबत. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा नव्या नवरीसाठी म्हणून त्यांनी घराला सागाचं दार केलं. वय कोवळं, हौस दांडगी. चौकटीत दार असं बसवलं की मधून वारादेखील जाऊ नये. उन्हाळ्यात लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी तोंड भरून वाहवा केली. मग पाऊस लागला, लाकडानं पाणी ओढलं, आणि दार जे फुगलं ते चौकटीत रुतूनच बसलं.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मामी ते दार खांद्यानं उघडायची. कडेवर पोर असो की डोक्यावर हंडा, दाराला खांदा लावायचा, धप्प आवाज यायचा, आणि पाठोपाठ मामूंच्या नावानं दोन शब्द. आई लवकर गेल्यावर मी त्या घरात वाढलो, मामीनं तिच्या पोरांतच मला धरलं. त्यामुळे तो धप्प मी इतका ऐकलाय की पावसाचं नाव काढलं की मला आधी तोच आठवतो.

या फजितीनंतर मामू शिकले. कोकणातला सुतार दार करताना मुळात थोडी फट ठेवतोच. लाकूड पावसाळ्यात फुगणार, त्याला हातपाय पसरायला जागा हवी. आम्ही तिला पावसाची जागाच म्हणतो. बाकीचे सुतार नाणं सरकेल एवढी सोडत. मामू बोट जाईल एवढी सोडायला लागले. दुसऱ्यांच्या घरात मामूंची दारं पावसाळाभर फुलासारखी उघडायची, आणि मामी आपली खांदा चोळत बसायची.

कुणी विचारेल, मग घरचं दार तासलं का नाही? अहो, तीच तर गंमत. पहिली काही वर्षं लोकांचीच दारं पुरी होईनात, घरच्या दाराला वेळ कुठला, आणि मग मामू सौदीला गेले. रजा मिळायची ती मे महिन्यात, पोरांच्या शाळेला सुट्टी म्हणून. मे महिन्यात दार कोरडं खडखडीत. मामी हात धरून त्यांना दारापाशी न्यायची. मामू एका बोटानं दार ढकलायचे, ते शहाण्या पोरासारखं उघडायचं, आणि मामू म्हणायचे, याला काय धाड भरलीय? पाऊस यायच्या आत त्यांचं विमान उडालेलं असायचं.

सुरुवातीची वर्षं मामू जेद्दाला होते. तिथल्या बलद भागातल्या जुन्या घरांना लाकडी जाळीच्या उंच खिडक्या असतात, त्यांच्या डागडुजीचं काम. समुद्राची दमट हवा, लाकूड ओळखीचं वागायचं. मग आमच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा इकामा, तिथं राहायचा परवाना, होता त्या मालकानं, रियाधला सनाइयात सुतारकामाचा कारखाना काढला आणि मामूंना मेस्त्री म्हणून तिथं आणलं. सनाइया म्हणजे कारखान्यांची वस्ती. वेल्डर, टर्नर, मेकॅनिक, रंगारी, काचवाले, जगातल्या सगळ्या हातांना तिथं काम होतं. मामूंनी मला मागाहून बोलावून घेतलं. मी तोवर मुंबईत फर्निचरच्या कामावर होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

आमचा दिवस भुशात सुरू व्हायचा नि भुशात संपायचा. कारखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो. रात्री जेवणात माशाचं कालवण असलं की खोली खूश, डाळ असली की मेस्त्रीपासून सगळ्यांची तोंडं वाकडी. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की बत्ह्याला जायचं. त्या बाजारात आख्खा हिंदुस्तान, पाकिस्तान नि बांगलादेश खांद्याला खांदा लावून उभा असायचा, गावचे लोक भेटायचे, आणि कुणीतरी सुट्टीवरून परतलेला मामीची कॅसेट घेऊन यायचा. पत्र लिहिणं मामीला जमायचं नाही. ती टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायची. जुलै-ऑगस्टच्या कॅसेटमध्ये मागे कौलांवर पाऊस वाजत असायचा. सगळ्यांची खुशाली सांगून झाली की मामी म्हणायची, "थांबा, ऐका आता." मग धप्प. मग, "ऐकलंत? हे तुमचं दार." आख्खी खोली हसायची, पंजाबी फोरमनसुद्धा, ज्याला मराठीचा म कळत नव्हता. मामू मात्र हसायचे नाहीत. कॅसेट काढून ठेवायचे नि म्हणायचे, पुढच्या खेपेला बघतो.

रियाधला एक भानगड होती आणि ती मला पहिल्या महिन्यातच दिसली. तिथली हवा इतकी कोरडी की लाकडात होतं नव्हतं ते पाणी शोषून घेते. तिथं दार फुगत नाही, आक्रसतं. म्हणजे मामूंनी सोडलेली पावसाची जागा वर्षाच्या आत दुप्पट व्हायची. मी त्यांना म्हटलं की मामू, इथं पाऊस कुठाय, कमी सोडा. ते मान डोलवायचे, पेन्सिलीची खूण बारीक करायचे, आणि करवत चालवताना हात आपला जुन्या जागीच जायचा. त्यांच्या हाताखाली आम्ही गावचे जे होतो त्यांचंही तेच झालं होतं. वाळवंटात बसून आम्ही पावसाची सोय करत होतो.

कफीलला आम्ही शेख म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण तापट, आणि मी स्वतः तापट असल्यामुळे मला तो जास्तच तापट वाटायचा. त्यानं नवं घर बांधलं तेव्हा सगळी दारं मामूंनी केली. सागाची, तेल पाजून पाजून चमक आणलेली. त्या बदल्यात मामूंनी एकच गोष्ट मागितली. मामीला हज करायची होती. तिनं उभ्या जन्मात नवऱ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट, दाराची सोडून. सुताराच्या इकाम्यावर बायकोला बोलावता येत नव्हतं. त्याला शेखचा वशिला लागणार होता. शेखनं मामूंच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, येत्या हजला तुझी बायको माझी पाहुणी म्हणून येईल. मामूंनी ते कॅसेटमध्ये भरून पाठवलं, आणि मामीनं सगळ्या मोहल्ल्याला सांगून टाकलं. गुडघे दुखायचे तिचे. आत्ता नाही तर पुढे चालवणार नाही, हे तिलाही कळत होतं नि आम्हालाही.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात शेजाऱ्यानं फौज घालून कुवेत गिळलं.

पहिले काही आठवडे आम्हाला वाटलं, मोठ्यांची भांडणं आहेत, मिटतील. मग आमचा येमेनी पॉलिशवाला एका सकाळी सामान बांधून निघाला. त्याच्या देशाशी सरकारचं बिनसलं होतं, आणि इतकी वर्षं इथं राहिलेल्या माणसाला उठून जावं लागलं. जाताना त्यानं आपली पॉलिशची चिंधी मामूंच्या हातात दिली. रस्त्यावर लष्कराच्या गाड्या दिसायला लागल्या. गावाहून निरोप यायचे, परत या. काहीजण गेले. मी मामूंना विचारलं, आपण? ते म्हणाले, मी गेलो तर शेखचा शब्दही गेला.

थंडी सुरू झाली तसं टीव्हीवर सांगायला लागले की घरातली एक खोली बंद करून ठेवा, विषारी वायूचा हल्ला होऊ शकतो. खिडक्यांना प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. बत्ह्यातली चिकटपट्टी बघता बघता संपली. सौदी लोकांना तोंडाला लावायचे मास्क मिळाले. आमच्या खोलीच्या वाट्याला ओला टॉवेल आला, तोही एकच, आणि त्यानं आदल्या दिवशी कुणीतरी पाय पुसले होते.

त्याच आठवड्यात शेख कारखान्यात आला तो आग ओकतच. त्यानं घरातली मधली खोली निवडली होती. तिला खिडकी एकच, बंद करायला सोपी, पण दार मामूंचं. कडीच्या बाजूनं बोट जाईल एवढी फट. चिकटपट्टी लावावी तर तेल प्यायलेल्या सागावर ती टिकेना, सुटून लोंबायला लागली. शेख सगळ्यांसमोर मामूंना नको नको ते बोलला. हे दार आहे की चाळण? माझी पोरं मरायला बसवू का त्यात? मामू खाली मान घालून उभे. माझ्या डोक्याची शीर तडतडत होती, पण मी तोंड मिटून घेतलं, कारण चूक आमची होती हे मला दिसत होतं. शेवटी शेख म्हणाला ते आजही माझ्या कानात आहे. अरबीत सगळेच एकमेकांना एकेरीत बोलतात, पण त्या दिवशी ते एकेरी टोचलं.

"घट्ट दार करून आण. नाही आणलंस तर खलास, एक्झिट मारून गावी पाठवतो. आणि बायकोच्या हजचं विसर."

मामूंनी दुसऱ्या दिवसापासून दुसरं काही हातात घेतलं नाही. कारखान्यातलं सगळ्यात जुनं, मुरलेलं लाकूड काढलं. मी मदतीला. त्यांनी रंधा मारायचा, मी चौकटीची मापं परत परत तपासायची. पेन्सिलीची खूण झाली की ते करवत माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, तू काप, माझ्या हाताचा भरवसा नाही. तेवढं ऐकून मला त्यांची दयाही आली नि हसूही. दार तयार झालं तेव्हा त्याचा सांधा डोळ्याला दिसत नव्हता. खोट्या चौकटीत बसवून बघितलं, तर मधून कागदही जाईना. मामूंनी त्याच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, लग्नात केलं होतं तसं झालंय.

आणि दार घेऊन जाणार, तर पिकअपचा ड्रायव्हर गायब. बॉम्बफेक सुरू झाल्याची बातमी आली नि तो आपलं बायकापोरांचं चंबूगबाळं उचलून मक्केकडे निघून गेला. गाडीची किल्ली त्याच्याच खिशात. रस्ते अर्धे बंद, भाड्याची गाडी मिळेना. शेखचा फोन आला. मामूंनी परिस्थिती सांगितली. पलीकडून एवढंच आलं की उद्या दार आलं नाही तर तू तुझं सामान बांध. मामूंनी फोन ठेवला नि माझ्याकडे न बघता म्हणाले, मामीला कसं सांगायचं ते तू ठरव.

त्या रात्री रियाधवर भोंगे वाजले. आमचं काय झालं ते सांगण्यासारखं काही नाही. सगळे एका खोलीत टॉवेल लावून बसलो, कुणी कलमा पढला, कुणी शिव्या दिल्या, आणि उजाडल्यावर जिवंत आहोत म्हणून चहा केला.

चहा संपायच्या आत शेखच्या वेगळं राहणाऱ्या मोठ्या मुलाची गाडी दाराशी. मेस्त्रीला बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. मामूंच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, मीपण येतो. वाटेत मामू मांडीवर हात ठेवून बसले होते.

शेख घराच्या पायरीवर बसला होता. डोक्यावर रुमाल नाही, दाढी वाढलेली. त्याचं उघडं डोकं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो, त्याला टक्कल होतं. त्यानं आम्हाला मधल्या खोलीशी नेलं. दारावर चिकटपट्ट्या लोंबत होत्या. उंबऱ्याशी वाळलेला टॉवेल. आणि खोलीच्या मधोमध कोळशाची शेगडी, विझलेली.

मग त्यानं सांगितलं. भोंगा झाला तशी सगळी आत शिरली, तो, बायको, चार पोरं, त्याची म्हातारी आई. थंडी मरणाची. आईला सोसवेना म्हणून पेटती शेगडी आत घेतली. खिडकी प्लास्टिकनं बंद, दार जमेल तसं बंद. पोरांनी थोड्या वेळानं मास्क काढून टाकले. कुणाचं डोकं दुखायला लागलं, धाकटीला ओकारी झाली, मग एकेक पेंगायला लागला. शेखला वाटलं, विषारी वायू आलाच. फटीतून येत असणार म्हणून चिंधी कोंबायला तो दाराशी गेला, आणि गुडघ्यावर बसला तो तिथंच कलंडला. तोंड फटीपाशी. बाहेरची गार हवा नाकावर आली तसं त्याचं डोकं जरा ताळ्यावर आलं. मग त्याच्या ध्यानात आलं की वायू बाहेर नाहीच. त्यानं दार उघडलं नि एकेकाला ओढून बाहेर काढलं.

हॉस्पिटलात एक हिंदुस्तानी डॉक्टरबाई होती, ती त्याच्यावर खेकसली की बंद खोलीत कोळसा पेटवतं का कुणी? ती बाई साताऱ्याकडची होती. पुढे माझ्या बोटाला टाके घालायला मी तिच्याकडेच गेलो तेव्हा तिनं मला मराठीत समजावून सांगितलं की कोळशाच्या त्या वायूला वास नसतो, माणूस झोपतो तो उठतच नाही. शेखला तिनं सांगितलं होतं, दार घट्ट असतं तर तुम्ही सात जण इथवर पोचला नसता. पोरं बरी होती. म्हातारीही परत आली होती, आतल्या खोलीत पडली होती.

हे सगळं सांगून शेखनं दारावर हात ठेवला. म्हणाला, "राहू दे हे दार. अल्लाहनं तुझ्या हातून करवून घेतलं."

माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, सुटलो. आता मामूंनी अल्हम्दुलिल्लाह म्हणायचं, शेखच्या हाताला हात लावायचा आणि आपण घरी जायचं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण आमचे मामू. ते दाराकडे बघत राहिले, मग मटकन खालीच बसले.

"शेख, हे चुकीचं काम आहे," मामू म्हणाले. "इथं पाऊस नाही. मी पावसाची जागा सोडली, ती माझी चूक. माझ्या कारखान्यात नवं दार तयार आहे. त्यातून वारा जात नाही. ड्रायव्हर पळाला नसता तर मी ते कालच बसवलं असतं." त्यांचा आवाज फाटला. "मी तुझी पोरं मारली असती."

मला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. अहो, गप्प बसा. मामीची हज तुमच्या जिभेवर लटकलीय, आणि तुम्ही कसला हिशोब चुकता करताय? शेख त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काय, मला सांगता येत नव्हतं. आपण ज्याच्यासाठी माणसाला धमकावलं ते दार वेळेवर आलं असतं तर काय झालं असतं, हे बहुतेक त्याला तेव्हाच कळलं असावं. दार तर त्यानंच मागितलं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या पडद्यामागून म्हातारीचा आवाज आला. बारीक, पण धार होती. पाऊस कसला म्हणतोय हा? रियाधला कधी पाऊस पडतो म्हणून यानं जागा सोडली?

मामूंनी बसल्या जागेवरून पडद्याकडे तोंड करून सांगितलं. मोडक्यातोडक्या अरबीत, पण सगळं. लग्नातलं दार, ते फुगणं, मामीचा खांदा, त्या दिवसापासून हाताला लागलेली फट सोडायची सवय. म्हातारी मधूनमधून खोकत होती. मग तिनं विचारलं, "अजून ती खांद्यानंच उघडते?"

"पावसाळ्यात, हो."

"आणि तू?"

"मी पावसाळ्यात तिथं कधी नसतो, आई."

मग म्हातारी आपल्या मुलाशी बोलली, मामूंशी नाही. तू या बाईला शब्द दिला होतास ना, एवढंच तिनं विचारलं. शेखनं रुमाल उचलून डोक्याला बांधला, आम्हाला म्हणाला, यल्ला, कामावर जा. परतताना मी मामूंवर भडकलो. इतका की तोंडाला येईल ते बोललो. ते ऐकून घेत राहिले, आणि कारखान्याच्या फाटकाशी उतरताना म्हणाले, "रे, खोट्या कौतुकावर तिला हजला नेऊ काय?"

पुढचे आठवडे तसेच गेले. भोंगे वाजायचे, थांबायचे. शेख कारखान्यात यायचा, काम बघायचा, हजचा विषय काढायचा नाही. एक्झिटचाही नाही. मामू त्याच्यासमोर जाताना अंग चोरायचे, आणि मी प्रत्येक वेळी दोघांच्या तोंडाकडे बघायचो. मामीच्या कॅसेटमध्ये तिनं विचारलं, जायचं नक्की ना, म्हणजे मी चप्पल घेते, मऊ टाचेची. मामूंनी त्या कॅसेटला उत्तर पाठवलं नाही. काय पाठवणार?

लढाई संपली. एका सकाळी शेख आला तो सरळ भिंतीला टेकवलेल्या त्या नव्या दारापाशी गेला. उभं राहून बघितलं, हातानं चाचपलं. म्हणाला, काम सुंदर आहे. हे लाकडाच्या गोदामाला लावा, तिथं कुणी झोपत नाही. मग जाता जाता, जणू खिळे कमी पडलेत असं सांगावं तशा आवाजात, "तुझ्या बायकोच्या विमानाचं बघ. माझी आई वाट बघतेय. हजला आमच्याच गाडीतून येईल."

मामूंनी रंधा उचलला आणि समोरच्या फळीवर मारायला घेतला. ती फळी आधीच तासून झाली होती. मी ते त्यांना सांगितलं नाही, खुशाल तासू दिलं. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि मला तोंड वळवायची गरज वाटली नाही.

मामी गावातल्या एका जोडप्याच्या सोबतीनं आली. रियाधच्या विमानतळावर काळ्या बुरख्यातून तिनं मला आधी ओळखलं आणि म्हणाली, काय रे, हाडं राहिलीत नुसती, मामू खायला घालत नाही काय? मामूंकडे ती नुसती बघत होती. तिच्या पायात मऊ टाचेची चप्पल होती. उत्तर आलं नाही तरी घेतली होती तिनं.

शेखच्या आईला तिला भेटायचं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला त्या घरी नेलं. आम्ही पुरुष बाहेर पायरीवर. मामी आत गेली, आणि थोड्याच वेळात धडाम असा आवाज, भांड्यांचा खणखणाट, बायकांची किंकाळी. शेख उठून उभा राहिला. पाठोपाठ आतून हसण्याचा जो कल्लोळ उठला तो काही केल्या थांबेना. मामीनं मागाहून सांगितलं. मधल्या खोलीचं दार मिटलेलं होतं, म्हातारी आता तिथंच बसायची. सागाचं दार, त्यात मामूंची घडण तिनं लांबूनच ओळखली. हातात म्हातारीसाठी आणलेला फणसाच्या गऱ्यांचा डबा. तिनं आपला नेहमीसारखा खांदा लावला, गावच्या जोरानं. ते दार कसलं अडतंय? ते उघडलं ते भिंतीवर आपटलं, आणि मामी डब्यासकट कहाव्याच्या, त्यांच्या कॉफीच्या, ट्रेवरून थेट म्हातारीच्या गादीवर. म्हातारी म्हणाली म्हणे, आलीस का, तुझा खांदा ओळखला मी.

दोघांची हज झाली. मामीचे गुडघे सुजले, पण ती सगळं चालली. गर्दीत मामूंनी तिचा हात एकदाही सोडला नाही, असं शेखच्या मुलानं मला सांगितलं. परतीच्या वेळी शेखनं मामूंना रजा दिली, मागितली नसताना. जुलै लागला होता. मामूंना तो महिना गावात घालवून किती वर्षं झाली होती, त्यांनाच आठवत नव्हतं. मी विमानतळावर त्यांना म्हटलं, दार तासून या. ते म्हणाले, फुगलेलं लाकूड तासत नसतात गाढवा, पावसात खूण करायची नि सुकल्यावर तासायचं. म्हणजे हा पावसाळा तर काढायलाच हवा.

ऑगस्टात बत्ह्याला गावचा माणूस भेटला, त्याच्याकडे कॅसेट. आम्ही खोलीत लावली. कौलांवर पाऊस कोसळत होता. मामीनं सगळ्यांची खुशाली सांगितली, शेखच्या आईला सलाम सांगितला. मग म्हणाली, "थांबा, ऐका आता."

धप्प. दार उघडलं नाही. पुन्हा धप्प. आणि मग मामूंचा आवाज, कळवळून, "अगं, खांदा गेला माझा! कुणी केलंय हे दार?"

मामी हसायला लागली. इतकी हसली की टेप संपेपर्यंत दुसरं काही ऐकू आलंच नाही, नुसता पाऊस आणि तिचं हसणं. पंजाबी फोरमन म्हणाला, परत लाव. मी कॅसेट मागे घेतली.